दोन पुरुष, दोन बायका: कोरचीच्या महाग्रामसभेची वाटचाल

गडचिरोली जिल्ह्यात, छत्तीसगडच्या हद्दीला लागून कोरची तालुका आहे. वस्ती मुख्यतः गोंड आणि कंवर आदिवासींची. इथल्या महाग्रामसभेची हकिगत बायकांच्या बचत गटांपासून सांगावी लागते. कुरखेड्याच्या ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ या संस्थेच्या कामातून हे गट उभे राहिले, पुढे त्यांचा महिला परिसर संघ झाला. बचतीसोबत दारूचा आणि मारहाणीचा विषयही बैठकीत येऊ लागला. जातपंचायतीत मात्र बाईला जागा नव्हती.

कायदे येत गेले. 1993 मध्ये 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतीत एक तृतीयांश जागा महिलांना मिळाल्या, 1996 च्या पेसा या आदिवासी भागांच्या पंचायत कायद्याने अनुसूचित क्षेत्रातलं सरपंचपद आदिवासींसाठी राखलं, 2011 मध्ये महाराष्ट्राने महिलांचा वाटा निम्म्यावर नेला. बाई सरपंच झाली. सही तिची आणि कारभार नवऱ्याचा, हेही अनेक गावांनी पाहिलं. मला यात बाईपेक्षा खुर्चीचा दोष मोठा वाटतो. वरून आलेल्या योजना वाटण्यापलीकडे त्या खुर्चीच्या हाती होतं काय?

हाती काही आलं ते 2006 च्या वनहक्क कायद्यामुळे. 2009 मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाले, नंतर कोरचीतल्या गावांनाही. बांबू आणि तेंदूपत्ता ग्रामसभेच्या मालकीचा झाला, विक्रीचा पैसा तिच्या खात्यात येऊ लागला. ठेकेदारापुढे एकेकटं गाव कमी पडतं, म्हणून सुमारे 90 ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली. कुमारीबाई जमकातन यांच्यासारख्या परिसर संघातल्या कार्यकर्त्यांनी तिथे बायकांच्या बरोबरीच्या वाट्याचा आग्रह धरला. प्रत्येक ग्रामसभेतून दोन पुरुष आणि दोन बायका, असं ठरलं. एकटी बाई पुरुषांच्या सभेत गप्प बसवता येते. दोघी असल्या की ते तितकं सोपं राहत नाही.

ग्रामसभांनी निवडणुकीतही पाऊल टाकलं, ते जिल्ह्याच्या दक्षिणेकडे. सुरजागडच्या लोहखाणीला विरोध पेटलेला असताना, 2017 मध्ये एटापल्ली-भामरागड भागातल्या ग्रामसभांनी आपले उमेदवार दिले. सैनू गोटा आणि लालसू नोगोटी जिल्हा परिषदेत गेले, शीला गोटा एटापल्ली पंचायत समितीत.

जिल्हा परिषदेच्या वर मात्र बाईची शिडी तुटते. आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी हे तिन्ही विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. 2009 ते 2024 या चार सार्वत्रिक निवडणुकांत इथून 12 वेळा आमदार निवडले गेले; त्यात बाई एकदाही नाही. गडचिरोली-चिमूरचा खासदारही चारही वेळा पुरुषच. 2024 मध्ये अहेरीतून भाग्यश्री आत्राम वडिलांविरुद्ध लढल्या आणि हरल्या. पण त्या पडल्या राजघराण्यातल्या. तेंदूपत्त्याचा हिशेब सांभाळणाऱ्या बाईला तिकीट कोण देणार? 2023 च्या घटनादुरुस्तीने विधानसभा-लोकसभेत, आदिवासी राखीव जागांतही, महिलांचा एक तृतीयांश वाटा लिहून ठेवला आहे, पण त्याची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधलेली आहे.