नव्या धम्माला जुनी रूढी विचारणारा कायदा

नव्या धर्मचळवळींवर समाजशास्त्रज्ञ लिहितात, तेव्हा त्यांचा सवाल असतो : माणसं जुना धर्म का सोडतात? आपल्याला त्याचं उत्तर शोधायला ग्रंथालयात जावं लागत नाही. आपला सवाल कायद्याला आहे. सोडलेला धर्म तो सुटू का देत नाही?

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, लाखोंना दिली. १९५१ च्या जनगणनेत देशभरात बौद्ध होते सुमारे १ लाख ८० हजार. १९६१ ला साडेबत्तीस लाख, त्यातले जवळजवळ २८ लाख महाराष्ट्रातले. पण अनुसूचित जातींबद्दलचा राष्ट्रपतींचा १९५० चा आदेश म्हणत होता, हिंदू नसाल तर तुम्ही अनुसूचित नाही. १९५६ मध्येच सगळ्या शिखांना त्यातून सूट मिळाली. बौद्धांना नाही. दीक्षा घेतली की गावची विहीर आपोआप खुली होते, असं दिल्लीकरांना वाटत असावं!

मग १९६४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, पंजाबराव विरुद्ध मेश्राम. नागपुरातल्या राखीव जागेवर १९६२ ला निवडून आलेला उमेदवार बौद्ध झालाय, अशी तक्रार होती. कोर्ट म्हणालं, धर्म बदलल्याचं उघड जाहीर केलं की पुरे. विधी झाला की नाही हे सिद्ध करायची गरज नाही. निवडणूक रद्द. म्हणजे काढून घ्यायचं तेव्हा तोंडचा शब्द पुरला.

आता लग्नाचं बघा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २ मध्ये बौद्धही येतात. कचेरीत हिंदू नाही, बोहल्यावर मात्र हिंदू. कलम ७ म्हणतं, लग्न दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढीप्रमाणे व्हावं. आणि रूढी कशाला म्हणायचं? दीर्घकाळ, अखंड, एकसारखी पाळलेली असेल तिला. अरे, बापानं काल टाकलेली रूढी पोरानं आज कुठून आणायची? इथं शब्द पुरत नाही, इथं जुनेपण लागतं.

महाराष्ट्र सरकारनं नवबौद्धांना सवलती १९६० मध्येच दिल्या. केंद्राला १९९० उजाडलं, दीक्षेनंतर ३४ वर्षं. ख्रिस्ती आणि मुसलमान झालेले आपले भाऊ त्या आदेशाबाहेर आहेत ते आहेतच.

स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी यातूनच आली. त्रिशरण-पंचशील म्हणून, बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालून लग्नं लागतात, त्यांची आता नातवंडंही लग्नाला आली. ही रूढी नेमक्या किती वर्षांनी जुनी होते, ते त्या कायद्यात कुठंच लिहिलेलं नाही.