मुंबईच्या प्लेगची वक्ररेषा
मुंबईच्या मांडवी भागात सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे गाठीच्या प्लेगचे, रुग्ण ओळखले आणि पुढे वर्षानुवर्षे हा रोग हिवाळ्यात डोके वर काढून पावसाळ्यापर्यंत ओसरू लागला. १९०५ मध्ये कामाला लागलेल्या प्लेग संशोधन आयोगाने उंदीर व त्यांच्या अंगावरील पिसवा यांचा माग काढला. त्या काळात नोंदले गेलेले मृत्यूंचे साप्ताहिक आकडे मात्र दोन दशकांनी गणितज्ञांच्या कामी आले.

भारतीय वैद्यकीय सेवेतील अँडरसन मॅकेन्ड्रिक यांनी एम. केशव पै यांच्यासह १९११ मध्येच जिवाणूंच्या वाढीचे समीकरण मांडले होते. जिवाणूंची संख्या आणि उरलेले अन्न यांच्या गुणाकारावर वाढीचा वेग ठरतो, त्यामुळे प्रारंभी झपाट्याने होणारी वाढ अन्न सरत जाते तशी मंदावते, असे त्याचे सार होते. पुढे एडिंबरो येथे, प्रयोगशाळेतील अपघातात दृष्टी गमावलेल्या विल्यम करमॅक यांच्यासह त्यांनी १९२७ मध्ये साथीचे गणित सिद्ध केले, तेव्हा अन्नाची जागा रोग होऊ शकणाऱ्या निरोगी माणसांनी घेतली. अशा माणसांची संख्या ठरावीक मर्यादेखाली असल्यास साथ पसरत नाही आणि पसरलीच, तर सर्वांना गाठण्यापूर्वीच विझते, हा त्यांचा मुख्य निष्कर्ष.

पडताळ्यासाठी त्यांनी १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातील मुंबईचे आकडे घेतले. त्यांच्या सूत्रानुसार सतराव्या आठवड्यात, म्हणजे एप्रिलच्या मध्यास, मृत्यूंनी आठवड्याला ८९० हे शिखर गाठावे. प्रत्यक्ष आकडे सूत्रातून मिळालेल्या वक्ररेषेच्या इतके जवळ आले की पाठ्यपुस्तकांत ती आजही छापली जाते.

हे यश जरा जपूनच स्वीकारावे लागते. मानवी प्लेग हा उंदरांतील प्लेगचे प्रतिबिंब आहे, असे गृहीत धरल्याचे खुद्द लेखकांनीच नोंदवले होते आणि ऋतुमानाचा प्रभाव सूत्रात धरलेला नव्हता. साथ ओसरली ती माणसे संपत आल्याने की उन्हाळ्यात पिसवा घटल्याने, हे रेषेवरून कळत नाही. शिवाय त्या सूत्रात जागेला स्थानच नव्हते, मांडवी आणि परळ त्याच्या लेखी एकच. १९३७ मध्ये संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी एका लाभदायक जनुकाच्या प्रसारासाठी वाढ आणि विसरण, म्हणजे दाटीकडून विरळ भागाकडे होणारे पसरणे, एकत्र मांडले, तेव्हा स्थिर वेगाने पुढे सरकणारी कड मिळाली आणि पृष्ठभागावर पसरणाऱ्या जिवाणूंच्या वसाहतींनाही तेच समीकरण पुढे लावले गेले. प्लेगचे जिवाणू मात्र सलग कड धरून सरकत नव्हते. धान्याच्या पोत्यांतून आणि प्रवाशांच्या कपड्यालत्त्यांतून पिसवांबरोबर ते मधली वस्ती ओलांडून दूरच्या गावी पोहोचत.