वीजदाब हळूहळू चढवितांना

शिरूर आणि दौंड हीं पुणें जिल्ह्याच्या पूर्व भागांतील दोन तालुक्यांचीं गांवें. एक घोड नदीच्या कांठचें, म्हणून घोडनदी या नांवानेंहि ओळखलें जाणारें. दुसरें भीमेच्या कांठचें, १८७८ सालीं मनमाडचा लोहमार्ग येऊन मिळाल्यापासून जंक्शन म्हणून प्रसिद्धीस आलेलें. मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, पुण्याचें २ ऑक्टोबर १९५३ रोजीं. परंतु या तालुक्यांतील बहुतेक खेड्यांत वीज आली ती १९६० सालीं राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यानंतर. तोंपर्यंत खेड्यांतील रेडिओ बॅटरीवर चाले. वीज आली तसा भजनाला, जत्रेला आणि गणेशोत्सवाला कर्णा आला. आणि पुण्याच्या तपकीर गल्लींतून सुटे भाग आणून घरींच अँप्लिफायर जुळविणारा हौशी कारागीरहि निर्माण झाला.

या कारागिराची खरी कसोटी पहिल्यांदा बटण दाबण्याच्या क्षणीं होते. एखादा सांधा चुकला असेल, एखादा कंडेन्सर उलटा लागला असेल, तर महिनाभराची मेहनत डोळ्यांदेखत धूर होऊन जाते. म्हणून वीज एकदम न देतां हळूहळू चढवावी, ही कल्पना पुढें आली.

तिचें मूळ फॅरडेच्या १८३१ सालच्या प्रयोगांत आहे. लोखंडी कड्यावर दोन वेटोळीं गुंडाळून एकांतील बदलत्या प्रवाहानें दुसऱ्यांत वीज उत्पन्न होते, हें त्यानें दाखविलें. १८८५ सालीं बुडापेस्ट येथील गांझ कारखान्यांतील झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि देरी या अभियंत्यांनीं त्यांतून व्यवहारोपयोगी रोहित्र सिद्ध केलें. १९१५ सालीं खोपोलीची जलविद्युत मुंबईस पोंचली ती याच युक्तीच्या बळावर. पुढें १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या जनरल रेडिओ कंपनीनें व्हेरिअ‍ॅक बाजारांत आणला. येथील प्रयोगशाळांत तो डिमरस्टॅट या नांवानें परिचित आहे. त्यांत कड्यावर एकच वेटोळें असतें. त्याच्या उघड्या तारेवरून कार्बनचा ब्रश फिरतो, आणि शून्यापासून सुमारें २७० व्होल्टपर्यंत हवा तो दाब मिळतो.

फार दिवस पडून राहिलेल्या यंत्रास याचा विशेष उपयोग होतो. कंडेन्सरमधील अ‍ॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा पापुद्रा कालांतरानें क्षीण होतो; एकदम पूर्ण दाब आल्यास कंडेन्सर तापून फुटण्याचा संभव असतो. दाब सावकाश चढविल्यास पापुद्र्यास पुन्हा घट्ट होण्यास अवसर मिळतो. परंतु जुन्या यंत्रांत रेक्टिफायरचा व्हॉल्व्ह असेल, तर त्याची तार पुरेशी तापेपर्यंत कंडेन्सरकडे कांहींच जात नाहीं, आणि पुढें दाब झटक्यानें येतो. तेथें ही सावकाशी फसवी ठरते.

दुसरा भ्रम याहून घातक आहे. व्हेरिअ‍ॅकचें वेटोळें एकच असल्यामुळें तो यंत्राला घरच्या विजेपासून अलग करीत नाहीं. जोडणींत फेज व न्यूट्रल यांची अदलाबदल झाली असेल, तर कांटा वीस व्होल्टवर असतांनाहि एखादी तार जमिनीच्या मानानें पूर्ण २३० व्होल्टवर असूं शकते. ज्या यंत्रांत स्वतःचें दोन वेटोळ्यांचें रोहित्र नाहीं, त्यांच्यासाठीं वेगळें आयसोलेशन रोहित्र आवश्यक आहे.

शिवाय व्हेरिअ‍ॅक दाब कमी करतो, प्रवाहाला मर्यादा घालीत नाहीं. तें काम साधा सिरीज बल्ब करतो. २३० व्होल्टवर चालणाऱ्या शंभर वॅटच्या तारेच्या बल्बाचा रोध पेटलेल्या स्थितींत सुमारें ५२९ ओहम असतो, थंड असतांना त्याच्या दशांशाहूनहि कमी. यंत्र ठीक असेल तर बल्ब क्षणभर लकाकून मंद होतो. आंत शॉर्ट असेल तर तो लख्ख पेटतो, आणि प्रवाह ०.४३ अँपियरच्या पुढें जात नाहीं. एलईडी दिवा हें काम करूं शकत नाहीं. मात्र हा बल्ब यंत्राचें रक्षण करतो, माणसाचें नव्हे. कारण एक दशांश अँपियरहि हृदयास घातक ठरूं शकतो.

म्हणून जाणता कारागीर दोहोंचा उपयोग करतो. यंत्राच्या धातूच्या पेटीस अर्थिंग, व्हेरिअ‍ॅकच्या बाहेर पडणाऱ्या तारेंत योग्य फ्यूज, पुढें सिरीज बल्ब, आणि कर्णा सुटा. मग दाब थोडा थोडा वाढवीत तो मीटरकडे पाहतो; प्रवाह अकस्मात् वाढूं लागला कीं थांबतो. वीज बंद केल्यावरहि कंडेन्सरांत भार उरतो. तो मोजून, उतरवून मगच तो आंत हात घालतो.

सारें ठीक ठरल्यावर बल्ब काढून तो आणखी एक परीक्षा घेतो. जेथें एकाच रोहित्रावर शेतीचे अनेक पंप चालतात, तेथें पंप सुरू असतांना दाब खालीं जातो, बंद होतांच वर चढतो. भीमा-घोडच्या खोऱ्यांतील शेतकऱ्यांस हें सांगावयास नको. म्हणून १८० व्होल्टवर आवाज फाटतो कीं काय आणि २५० व्होल्टवर रोहित्र अति तापतें कीं काय, हें जत्रेच्या रात्रीऐवजीं घरच्या टेबलावरच कळून आलेलें बरें.

साधा सिरीज बल्ब असो वा हजारोंचा व्हेरिअ‍ॅक असो, दोघेहि कारागिरास विचार करण्यापुरती उसंत देतात. ती उसंत घेणें हें त्याच्याच हातीं आहे.