गुडघ्याचे मोल : सैनिकी अपंगत्वाच्या टक्केवारीचा इतिहास

आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजा व आर्थर वेल्स्लीचे सैन्य यांच्यात लढाई झाली. तीत कंपनीच्या बाजूचेच अकराशेहून अधिक लोक जखमी झाले. त्या काळी जखमी शिपायाविषयी मुख्य प्रश्न एकच असे : तो पलटणीच्या कामाचा आहे, की निकामी झाला? निकामी ठरलेल्यांसाठी मद्रास सैन्यात पेन्शन व वेगळ्या तुकड्या होत्या. परंतु अपंगत्वाचे प्रमाण मोजण्याची रीत नव्हती.

ती रीत पहिल्या महायुद्धात रूढ झाली. १९१७ च्या ब्रिटिश राजाज्ञेतील कोष्टकात दोन अवयव गमावल्यास शंभर, तर हाताची दोन बोटे गमावल्यास वीस टक्के असे आकडे ठरले. तुटलेल्या अवयवास असे कोष्टक पुरेसे होय. गुडघा मात्र जागेवरच राहतो; आतील अस्थिबंध तुटतो, कूर्चा फाटते, आणि मनुष्य वरकरणी धडधाकट दिसतो. त्यामुळे गुडघ्याच्या बाबतीत वैद्यकीय मंडळाच्या विवेकास विशेष महत्त्व आले.

स्वतंत्र भारतात १९६१ च्या सेना निवृत्तिवेतन विनियमांनी सेवेतून बाद केलेल्या सैनिकास दोन अटी घातल्या : अपंगत्व सेवेमुळे उद्भवलेले अथवा सेवेने वाढलेले असावे, आणि ते किमान वीस टक्के भरावे. वादाचे मूळ बहुधा पहिल्या अटीत असते. वार्षिक रजेवर असताना रस्त्यावर झालेली दुखापत सेवाजन्य नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ठरविले. उलट, धरमवीर सिंग खटल्यात २०१३ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की, भरतीच्या वेळी व्याधीची नोंद नसल्यास ती सेवेत उद्भवली असे गृहीत धरावे. तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार सैनिकावर नाही.

दुसऱ्या अटीतील टक्केवारीची मर्यादा शासनानेही एका परीने मान्य केली. १ जानेवारी १९९६ पासून बाद झालेल्या सैनिकाचे पन्नासहून कमी टक्के पन्नास धरले जाऊ लागले. २०१४ च्या निर्णयाने हा लाभ मुदत पूर्ण करून निवृत्त होणाऱ्यांनाही मिळाला.

तथापि मूळ तत्त्व कायम राहिले. तुलना समवयस्क निरोगी मनुष्याशी होते. विशिष्ट व्यवसायातील कमाई हिशेबात धरली जात नाही. गावी परतून खुरपणीसाठी उकिडवे बसू न शकणाऱ्या सैनिकाचा व टेबलापाशी काम करणाऱ्याचा गुडघा या मापात समान ठरतो. निकामी या एका शब्दाच्या जागी आकडा आल्याने सैनिकाला दाद मागता येईल असा आधार मिळाला खरा. परंतु त्या आकड्यात शरीराची हानीच तेवढी मोजली जाते, उपजीविकेची नव्हे.