शालेय इमारतीतील वीज व प्रकाशयोजना : पुनर्रचना

शाळेच्या जुन्या इमारतीतील वायरिंग, वितरण पेट्या, अर्थिंग, दिवे व पंखे यांची आजच्या वापराप्रमाणे नव्याने केलेली आखणी. नळ्या काढून एलईडी लावणे म्हणजे पुनर्रचना नव्हे; प्रत्यक्षात मात्र बहुतेक ठिकाणी तेवढेच घडते. प्रस्तुत नोंद मुख्यतः महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या व खाजगी अनुदानित शाळांपुरती आहे.

पार्श्वभूमी : शाळा दिवसा भरते, तेव्हा विजेचे काम काय, या समजुतीवर राज्यातील बहुसंख्य वर्गखोल्या उभ्या राहिल्या. १९८७ च्या ‘खडू-फळा’ मोहिमेत किमान दोन खोल्यांचा आग्रह होता. शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) अनुसूचीत स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, कुंपण, मैदान हे सारे आहे, वीज नाही. खोलीमागे एक दिवा व एक पंखा धरून ओढलेल्या तारांवर पुढे दूरदर्शन संच, संगणक, प्रोजेक्टर व पाण्याची मोटार चढली. दहा संगणकांची खोली सुमारे २ किलोवॉट मागते. मंजूर भार मात्र कित्येकदा मूळचाच राहतो.

जुनी वायरिंग : सर्वांत जुन्या इमारतींत सागवानी पट्टीवरून नेलेल्या रबरी आवरणाच्या तारा आढळतात. रबर वाळून तडकते आणि हात लागताच गळून पडते. नंतरच्या इमारतींत केसिंग-कॅपिंगमधील ॲल्युमिनियमच्या तारा आहेत. ॲल्युमिनियम स्क्रूखाली दबत जाते, सांधा ढिला होतो, तापतो व बटणाचा बोर्ड काळा पडतो. चिनीमातीच्या ‘किटकॅट’ फ्यूजमध्ये बारीक तारेऐवजी जाड तार गुंडाळण्याची रीत सर्वत्र आहे. अशा फ्यूजने संरक्षण होत नाही, फक्त वीज जात नाही.

परिपथ : भारतीय मानकांनुसार दिवे-पंख्यांच्या एका उपपरिपथावर १० बिंदू किंवा ८०० वॉट यांहून अधिक भार नसावा, १६ अँपिअरचे सॉकेट स्वतंत्र परिपथावर असावे. दिव्यांसाठी १.५ व सॉकेटसाठी २.५ चौ. मिमी. किंवा अधिक जाडीची तांब्याची तार वापरतात. या नियमाने सहा खोल्यांच्या शाळेला दोन खटक्यांची पेटी पुरत नाही, आणि अंदाजपत्रकात पहिली कात्री इथेच लागते.

अर्थिंग व गळतीसंरक्षण : पुनर्रचनेचा हा गाभा होय. मानक आयएस ३०४३. तपासणीत तीन दोष वारंवार दिसतात : मीठ-कोळशाचा खड्डा वर्षानुवर्षे कोरडा राहणे, अर्थिंगची पट्टी खड्ड्यापाशी गंजून तुटणे, आणि तिसऱ्या पिनेचे टोक बोर्डात कशालाच न जोडणे. तिसरा दोष बाहेरून दिसत नाही व तीच त्याची भीती आहे. सॉकेटला तीन भोके असल्यामुळे सर्वजण निर्धास्त असतात. लोखंडी कपाट, संगणकाचा डबा, पाण्याची टाकी व मोटार यांवर उतरलेला विद्युतदाब ओल्या पायांच्या मुलाला पुरेसा ठरतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी अशी गळती ओळखून सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडतो. साधा एमसीबी ते करू शकत नाही, कारण तो अतिभार व लघुपरिपथ पाहतो, माणसाच्या अंगातून जाणारा प्रवाह नव्हे. आरसीसीबी वारंवार पडतो म्हणून तो वगळून थेट जोडणी करणे हा गावोगावचा उपाय आहे. तो पडतो, कारण तारांतून गळती असते. दोष त्याचा नसतो.

तीन फेजच्या पुरवठ्यात न्यूट्रल तुटल्यास २३० व्होल्टच्या उपकरणांवर ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. शाळेतले संगणक एकाच दिवशी ‘उडण्या’मागे बहुधा हेच कारण असते.

प्रदीपन : आयएस ३६४६ मध्ये अध्यापनाच्या जागेसाठी २००–३००–५०० लक्स असा पट्टा दिला असून मधला आकडा सर्वसाधारण धरतात. ६ × ८ मी. खोलीत ३०० लक्ससाठी, उपयोगिता गुणांक ०.६ व देखभाल गुणांक ०.८ घेता, सुमारे ३०,००० लुमेन लागतात; म्हणजे २,००० लुमेनच्या पंधरा एलईडी नळ्या. प्रत्यक्षात चार असतात व त्यांतून सुमारे ८० लक्स मिळतो. उरलेले काम खिडकीने करायचे, असा अलिखित करार आहे.

नळ्या पंख्याच्या पात्यांच्या वर लावल्यास वहीवर सावल्या थरथरतात, म्हणून त्या पात्यांच्या पातळीला किंवा खाली टांगाव्यात. फळ्यासाठी वेगळा, फळ्याकडे तोंड केलेला दिवा हवा. नळ्यांच्या रांगा खिडकीला समांतर ठेवून प्रत्येक रांगेला स्वतंत्र बटण दिल्यास खिडकीजवळची रांग दिवसभर बंद ठेवता येते. खर्च जवळजवळ शून्य असूनही हे क्वचितच केले जाते.

दिनप्रकाश : आयएस २४४० मध्ये ८,००० लक्सचे आकाश गृहीत धरून वर्गासाठी १.९ ते ३.८ टक्के दिनप्रकाश गुणांक सुचवला आहे. एक टक्का म्हणजे ८० लक्स. वरील चार नळ्यांची किंमत खिडकीच्या हिशेबात एवढीच. कोकणात पावसाच्या झडीमुळे रुंद पडवी व बंद झडपा लागतात. तेथे हा हिशेब जुलैत कोलमडतो.

दिनप्रकाशाचा अभ्यासावरील परिणाम वादग्रस्त आहे. कॅलिफोर्नियातील हेशाँग-मोहोन गटाने १९९९ मध्ये कॅपिस्ट्रानो येथील सर्वाधिक उजेडाच्या वर्गांत वर्षभरातील प्रगती गणितात २० व वाचनात २६ टक्के अधिक असल्याचे मांडले. त्याच गटाच्या २००३ मधील फ्रेझ्नो येथील पाहणीत तसा संबंध आढळला नाही. बाहेरचे दृश्य, चकाकी व आवाज हे घटक पुढे आले. उत्पादकांच्या माहितीपत्रकांत पहिलीच पाहणी उद्धृत होते. तांब्याच्या चोकवरील नळीची सेकंदाला शंभर वेळा होणारी लुकलुक डोकेदुखीशी जोडणारे ब्रिटिश संशोधन (१९८९) त्यामानाने भक्कम आहे, पण ते कार्यालयांत झालेले आहे.

वीजबचत : ३६ वॉटची नळी चोकसह ५० वॉटच्या आसपास घेते, एलईडी २०. साधा पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी (ब्रशरहित मोटरचा) सुमारे ३०. चार नळ्या व चार पंख्यांच्या खोलीत नळ्यांमुळे १२०, तर पंख्यांमुळे १८० वॉट वाचतात. तरीही योजना नेहमी दिव्यांपासून सुरू होते. छतावरील सौर संच उन्हाळ्यात भरघोस वीज देतो आणि मे महिन्यात शाळेला सुटी असते. त्यामुळे जादा वीज वाहिनीत देऊन बिलातून वजा करणारी नेट मीटरिंगची जोडणी बॅटरीपेक्षा सोयीची पडते.

बिल : शाळांना ‘सार्वजनिक सेवा’ वर्गवारीचा दर लागू होतो. थकबाकी कोणी भरायची, हा प्रश्न ग्रामपंचायत, शाळा व जिल्हा परिषद यांच्यात फिरत असतो.

तात्पुरती जोडणी : स्नेहसंमेलनाच्या मंडपासाठी बोर्डातून उघड्या तारा काढणे हा सर्वांत धोक्याचा प्रकार. हरियाणातील डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या वार्षिक समारंभात मंडप पेटून चारशेंहून अधिक माणसे गेली, त्यांत मुले बहुसंख्य. ठिणगी विजेच्या जोडणीतून पडल्याचे मानले जाते. पुनर्रचनेत मंचाजवळ आरसीसीबीसह कायमचे सॉकेट द्यावे.

उच्चदाब वाहिनी : ११ किलोव्होल्टची तार इमारतीपासून उभ्या अंतरात किमान ३.७ व आडव्या अंतरात १.२ मी. दूर असावी. वरचा मजला चढवताना हे अंतर मोजायचे राहून जाते.

घंटा व ध्वनिक्षेपण : स्वतंत्र परिपथ पुरेसा.