हिमपाषाणाचे ऋण

आपल्या जुन्या घरांतून ॲल्युमिनियमच्या भांड्यांना ‘जर्मनची भांडी’ म्हणत. पण हा धातू घरोघरी पोहोचला तो ग्रीनलंडमधील एका विरळ खनिजामुळे. सोडियम, ॲल्युमिनियम व फ्लोरिन यांच्या या संयुगाचे नाव क्रायोलाइट. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ हिमपाषाण.

ॲल्युमिनियम भूपृष्ठात विपुल. परंतु ऑक्सिजनशी त्याची गाठ लोखंडाहून घट्ट. त्याचे ऑक्साइड वितळण्यास २००० अंश सेल्सिअसहून अधिक उष्णता लागते. म्हणूनच १८८४ साली वॉशिंग्टन स्मारकाच्या शिखरावर हा धातू मौल्यवान म्हणून बसविला गेला. १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉल व फ्रान्समध्ये पॉल एरू या दोन तरुणांनी स्वतंत्रपणे एकच मार्ग शोधला. वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये ते ऑक्साइड विरघळवून वीज सोडली, की सुमारे ९६० अंशांवरच धातू सुटा होऊन तळाशी साचतो.

या खनिजाचा मोठा साठा जगात एकाच ठिकाणी होता : ग्रीनलंडमधील इव्हित्तूत. १९४० साली जर्मनीने डेन्मार्क घेतल्यावर अमेरिकेने ही खाण जपली, कारण विमानांना ॲल्युमिनियम हवे होते. पुढे साठा सरला, १९८७ मध्ये खाण बंद पडली आणि गाव ओस झाले. आज कारखान्यांत कृत्रिम क्रायोलाइट वापरतात.

नैसर्गिक क्रायोलाइटचा स्वच्छ तुकडा पाण्यात टाकला, तर जवळजवळ दिसेनासा होतो. धातूच्या इतिहासातही त्याचे तसेच झाले. भांडे घरात राहिले, हिमपाषाणाचे नाव मात्र कुणाच्या ओठी आले नाही.