द्राक्षमळ्यांतून दर्याकडे : विश्रांतवाडीहून चार दिवसांची मोटारसहल

पुण्याच्या ईशान्येला असलेल्या विश्रांतवाडीतून ज्येष्ठात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याकडे येते. त्याच आळंदी रस्त्याने उलट दिशेला निघाल्यास दिघी, भोसरी ओलांडून पुणे-नाशिक महामार्ग लागतो. हा महामार्ग द्राक्षांच्या मुलखात घेऊन जातो आणि तेथून सह्याद्री उतरला, की उत्तर कोकणचा किनारा सुरू होतो. नाशिक, डहाणू, वसई, मुंबई, अलिबाग, मुरूड आणि दिवेआगर असे वर्तुळ पूर्ण करून ताम्हिणी घाटाने परत येणारी ही सहल सुमारे आठशे ते नऊशे किलोमीटरची होते. त्यासाठी चार दिवस हाताशी असावेत.

पहिला दिवस : नारायणगाव आणि नाशिक

हुतात्मा राजगुरू यांचे जन्मगाव असलेले राजगुरुनगर आणि मंचर मागे टाकल्यावर नारायणगाव येते. तमाशाची पंढरी म्हणून हे गाव प्रसिद्ध आहे. जवळच जुन्नरला शिवनेरी आहे, तर खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. भारतीय वाइनच्या इतिहासातही नारायणगावचे नाव आधी घ्यावे लागते. येथील ‘शातो इंडाज’ने १९८० च्या दशकात फेसाळती वाइन तयार करून परदेशी पाठविली होती. ती कंपनी पुढे बंद पडली. परंतु सह्याद्रीच्या पूर्व उतारावर वाइन होऊ शकते, हे तिने सिद्ध केले.

आळेफाटा, संगमनेर, सिन्नर या मार्गाने नाशिक गाठावे. गंगापूर धरणाच्या परिसरात राजीव सामंत यांनी उभारलेल्या ‘सुला’ची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली. पाठोपाठ २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि विंचूर (नाशिक) व पलूस (सांगली) येथे वाइन पार्कची आखणी झाली. आज नाशिक, दिंडोरी आणि इगतपुरी परिसरातील काही वाइनरींत पर्यटकांना टाक्या, पिंपे, बाटल्या भरण्याची व्यवस्था पाहता येते आणि चवही घेता येते.

वेलामागचे अर्थकारण

युरोपात थंडीत वेल झोपी जातो. नाशिकला तशी कडक थंडी नसल्याने वेल वर्षभर जागाच राहतो. म्हणून येथे वर्षातून दोनदा छाटणी करतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. तिच्यामुळे पुढच्या पिकाची काडी तयार होते. ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी होते आणि तिच्यानंतर फळ धरते. छाटण्या दोन झाल्या, तरी पीक एकच घेतले जाते. वाइनची द्राक्षे साधारणपणे जानेवारी ते मार्चदरम्यान तोडली जातात. मळा पाहायचा तर हाच काळ उत्तम.

ही द्राक्षे खाण्याच्या द्राक्षांहून वेगळी असतात. मणी लहान, साल जाड आणि आत बिया. त्यामुळे वाइनरीने माल घेतला नाही, तर तो फळबाजारात खपत नाही. २००८-०९ च्या मंदीत मागणी घटली, तेव्हा याचा फटका थेट शेतकऱ्यांना बसला. अनेकांनी नव्याने लावलेले वेल उपटून पुन्हा खाण्याच्या द्राक्षांची वाट धरली. मळ्यातील देखण्या रांगा पाहताना त्यामागची ही जोखीमही ध्यानात ठेवावी.

दुसरा दिवस : त्र्यंबक, जव्हार, डहाणू

त्र्यंबकेश्वराचे दर्शन घेऊन घाटरस्त्याने जव्हारला उतरावे. मुकणे घराण्याच्या या संस्थानाचा जयविलास राजवाडा आजही पाहता येतो. हा वारली चित्रकलेचा प्रदेश. या कलेला जगभर पोहोचविणारे पद्मश्री जिव्या सोमा म्हसे (निधन २०१८) हे डहाणू तालुक्यातीलच होते. डहाणू, घोलवड, बोर्डी हा पट्टा चिकूच्या वाड्यांसाठी ओळखला जातो. येथे चिकूपासूनही वाइन तयार केली जाते.

डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. याच किनाऱ्यावर वाढवण येथे महाबंदर होत असून, ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. सरकारच्या दृष्टीने हा देशाच्या व्यापाराचा नवा दरवाजा आहे, तर स्थानिक मच्छीमारांच्या दृष्टीने हा मासेमारीच्या हक्काच्या जागेचा प्रश्न आहे. आजचा शांत किनारा आणखी काही वर्षांनी असाच दिसेल, याची खात्री नाही.

तिसरा दिवस : वसई, मुंबई, अलिबाग

वसईचा किल्ला चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकला. पडक्या चर्चच्या उंच भिंती आणि तटबंदी पाहण्यास दोन तास पुरतात. मुंबईतून पुढे दोन पर्याय आहेत. शिवडीहून न्हावाशेवाकडे जाणारा सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी २०२४ पासून खुला आहे. गाडीसह बोटीने जायचे असल्यास भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो सेवा आहे. अलिबागला ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यात चालत जाता येते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याहून हलविलेली चुंबकीय वेधशाळाही १९०४ पासून येथेच आहे.

चौथा दिवस : मुरूड, दिवेआगर, ताम्हिणी

चौल-रेवदंडामार्गे मुरूडला जावे. सिद्दींचा जंजिरा शिडाच्या होडीने पाहता येतो. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते. आगरदांडा येथे गाडी फेरीबोटीत चढवून खाडीपलीकडच्या दिघीला उतरावे. विश्रांतवाडीतून निघताना लागलेल्या दिघीची ही नावबहीण! पुढे नारळी-पोफळींचे दिवेआगर. येथून म्हसळा, माणगाव आणि ताम्हिणी घाटाने मुळशीमार्गे पुणे गाठता येते. घाट उजेडात चढावा.

हे लक्षात ठेवावे

वाइनची चव २१ वर्षे पूर्ण झालेल्यांनाच घेता येते. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यांश असताना वाहन चालविणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार पहिल्याच गुन्ह्यासाठी दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणून चालक कोण, हे घरातून निघतानाच ठरवावे आणि त्या दिवशी त्याने पेल्याला हात लावू नये, अथवा वाइनरीच्या दिवशी नाशिकलाच मुक्काम करावा. भरती-ओहोटीच्या आणि फेरीबोटीच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्याव्यात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ मळे आणि किनारा या दोन्हींसाठी सर्वाधिक सोयीचा आहे.